काकांची पिकअप, बंद मीटर आणि माझी टीओएमची केटी

मित्रांनो, सबमिशनच्या दिवसांत आपल्याला जगातल्या सगळ्या यंत्रांचा राग येतो. मलाही आला होता. टीओएममध्ये केटी लागलेली, त्यात डिफ्रन्शियलचा प्रश्न ओरलला हमखास विचारणार हे माहीत असूनही मी तो ऑप्शनला टाकलेला. अशा अवस्थेत दिवाळीच्या सुट्टीला गावी गेलो. घरात पाऊल टाकतोय तोच काकांनी विचारलं, "काय रं इंजनेर, मीटर दुरुस्त करता येतं का?"

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. काकांची पिकअप माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. आसपासच्या वाड्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि संघाच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचे, हा तिचा रोजचा धंदा. भाडं किलोमीटरवर. फेरी ३८ किलोमीटरची, असं संघाच्या कागदावर लिहिलेलं. ऑगस्टच्या पावसात वाटेतल्या ओढ्यावरची मोरी खचली आणि काकांना वळसा घालून जावं लागायला लागलं. काकांच्या हिशेबानं रोज आठ किलोमीटर जास्त. पण सुपरवायझर म्हणाले, "मीटरचं रीडिंग दाखवा, मंजूर करतो."

आणि मीटर तर जूनपासून बंद! काटा शून्यावर झोपलेला, आकडे ६८४१२.७ वर गोठलेले. घरात तीन महिने यावरून कुरबुर चाललेली.

मी "हात्तिच्या, एवढंच ना!" म्हणून बाह्या सरसावल्या. पुढे दहा दिवस जे झालं ते इथे लिहितोय. होस्टेलवर ज्यांच्या घरी जुनी जीप, पिकअप, टेंपो किंवा ट्रॅक्टर आहे त्यांना उपयोग होईल, आणि ज्यांची टीओएम बाकी आहे त्यांनाही.

मीटरच्या पोटात काय असतं?

आधी थोडी थिअरी. घाबरू नका, फार नाही.

जुन्या गाड्यांत मीटर पूर्णपणे यांत्रिक असतं. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला, जिथून शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, तिथे आउटपुट शाफ्टवर एक छोटा गिअर असतो. त्यात एक प्लॅस्टिकचा पिनियन अडकतो. पिनियनला मीटर केबल जोडलेली. बाहेरचं आवरण स्थिर, आतली पिळाची तार गोल फिरते. तारेचं टोक चौकोनी असतं, ते मीटरच्या मागच्या चौकोनी भोकात बसतं. जोडणी आउटपुट शाफ्टवर असल्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्ये असो की चौथ्या, केबलचे फेरे फक्त चाकाच्या फेऱ्यांवर ठरतात. (ओरलला विचारतात, लक्षात ठेवा.)

मीटरमध्ये शिरल्यावर केबलचं फिरणं दोन कामं करतं.

पहिलं काम काट्याचं. केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. ती चुंबकाला कुठेही टेकत नाही. वाटीच्या दांड्यावर काटा आणि केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीत भोवरे प्रवाह तयार होतात. धातूच्या फिरत्या चकतीत असे प्रवाह निर्माण होतात हे फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये दाखवलं होतं. लेन्झच्या नियमाप्रमाणे वाटी चुंबकामागे ओढली जाते, पण स्प्रिंग तिला धरून ठेवते. ओढ वेगाच्या प्रमाणात, स्प्रिंगचा विरोध कोनाच्या प्रमाणात. दोन्ही समान झाले की काटा थांबतो. म्हणून काट्याचा कोन वेगाच्या सरळ प्रमाणात येतो आणि डायलवरचे आकडे सारख्या अंतरावर छापता येतात. ही युक्ती स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झने १९०२ मध्ये पेटंट केली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या गाड्या त्याच वाटीवर चालल्या.

यात अजून एक गंमत आहे. ॲल्युमिनियमचा रोध तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे पहाटेच्या २० अंशांवर बरोबर दाखवणारा काटा दुपारच्या ४५ अंशांना जवळजवळ दहा टक्के कमी दाखवेल! ते होऊ नये म्हणून चुंबकाला निकेल आणि लोखंडाच्या खास मिश्रधातूचा छोटा तुकडा लावतात. थंडीत तो थोडं चुंबकत्व स्वतःकडे वळवतो, उन्हात सोडून देतो.

दुसरं काम आकड्यांचं, म्हणजे ओडोमीटरचं. इथे चुंबकबिंबक काही नाही, सरळ दात्यांना दाते. केबलच्या दांड्यावरच्या वर्म गिअरपासून वेग कमी करत करत शेवटच्या, म्हणजे दशांश किलोमीटरच्या चाकापर्यंत पोचायचं. काकांच्या मीटरच्या डायलवर बारीक अक्षरात १००० असं छापलं होतं. म्हणजे केबलचे हजार फेरे झाले की एक किलोमीटर.

एवढं समजलं की निदानाची पहिली पायरी आपोआप सुचते. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर बिघाड दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे पिनियन, केबल किंवा मीटरच्या तोंडाशी. एकच बंद असेल तर बिघाड मीटरच्या आत. आमचं दोन्ही बंद होतं.

पहिली चूक: तुटलेलं बदललं, का तुटलं ते विचारलं नाही

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, डॅशबोर्ड सैल केला, हात घालून केबलचा नट सोडवला. आतली तार पक्कडने ओढली तर हातभर तुकडा बाहेर आला. केबल तुटलेली! मी एखाद्या सर्जनसारखा काकांकडे पाहिलं. तालुक्याहून अडीचशे रुपयांची नवी केबल आणली, घातली, गाडी चालवली. काटा उठला, आकडे सरकले. काकूंनी चहात साखर जास्त घातली.

चौथ्या दिवशी मीटर पुन्हा बंद.

या वेळी तार ओढली तर अख्खी बाहेर आली. म्हणजे केबल ठीक होती. तार परत घातली, मीटरकडचं टोक मोकळं ठेवून काकांना गाडी हळू पुढे घ्यायला सांगितलं. टोक फिरेना. मग गाडीखाली शिरून गिअरबॉक्सकडचं टोक काढलं. (खाली परात ठेवा, थोडं गिअर ऑइल सांडतं, नंतर त्याची पातळीही बघून घ्या.) पिनियन हातात आला आणि कारण दिसलं. एका बाजूचे प्लॅस्टिकचे दाते वस्तऱ्यानं तासावेत तसे साफ झाले होते.

मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या केबलचा तुकडा मीटरच्या भोकात घालून बोटांनी फिरवून पाहिला. फिरताना चांगला जड लागत होता, मधेच अडकत होता. दांडा ज्या बुशमध्ये फिरतो तिथलं ग्रीस इतक्या वर्षांत वाळून खडीसाखर झालं होतं. खरा रोगी मीटर होता. जुनी केबल त्या जडपणामुळे पिळून तुटली. मी नवी दणकट केबल घातल्यावर तीच ओढ पुढच्या कमकुवत भागावर, म्हणजे पिनियनवर गेली. पिनियन प्लॅस्टिकचा ठेवतात तो काही अंशी याचसाठी. काही अडलं तर स्वस्तातला दाता जावा, गिअरबॉक्समधला लोखंडी गिअर वाचावा.

काकांना विचारलं, "बंद पडायच्या आधी काही आवाज येत होता का?"

"व्हय की. महिनाभर काटा नाचत हुता, आन् सकाळच्या गारठ्यात कुईकुई वाजायचं."

मी डोक्याला हात लावला. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता तर अडीचशे रुपयांची केबल घालायच्या आधीच मीटर उघडलं असतं. डॉक्टर आधी पेशंटला विचारतो, मग तपासतो. आपण आधी पाना उचलतो.

बुश साफ करून शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकाने एक थेंब टाकलं. एकच. जास्त तेल चुंबक आणि वाटीच्या फटीत गेलं तर चुंबक वाटीला तेलातूनच ओढतो आणि काटा शंभराच्या पुढे जाऊन बसतो. केसासारख्या स्प्रिंगला हात लावायचा नाही आणि काटा ओढून काढायचा नाही. केबलच्या तारेला ग्राफाइट ग्रीस हलक्या हाताने लावलं, पण मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवली, नाहीतर ग्रीस चढत मीटरमध्ये जातं. केबल टाकताना कुठे एकदम मुरड पडणार नाही असं वळण दिलं.

मीटर टेबलावर तपासायची सोपी युक्ती सांगतो. केबलचा तुकडा कमी-जास्त वेगाच्या ड्रिल मशीनमध्ये पकडायचा (आधी बोटाने फिरवून बरोबर दिशा बघायची) आणि काटा ६० वर स्थिर धरून घड्याळ लावायचं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. एका मिनिटात आकडे बरोबर १.० ने सरकले तर काटा आणि आकडे एकमेकांशी जुळतात. टॅकोमीटरची गरज नाही. आमचे जुळले. काकांनी आपल्या वहीत लिहून ठेवलं, "१ किमी ड्रिल मशीनवर." माणूस हिशेबाचा पक्का!

दुसरी चूक: डिफ्रन्शियलने काढलेला सूड

तालुक्याच्या दुकानात झिजलेला पिनियन दाखवला. दुकानदाराने त्याच्यासारखा दिसणारा एक दिला. तो बसला, मीटर चालू झालं. दुसऱ्या दिवशी काका फेरी करून आले ते हसतच. "४८.६! दहा किलोमीटर जास्त हाय बघ, मी उगंच आठ म्हणत हुतो."

काका वीस वर्षं त्या रस्त्यांवर गाडी चालवतात. त्यांचा अंदाज एवढा चुकेल? माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, हिशेब करून बघू.

चाकाचा घेर काढायला टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण केली, गाडी ढकलत पाच फेरे केले आणि टेपने मोजलं. १०.७५ मीटर, म्हणजे एका फेऱ्याला २.१५ मीटर. टायर २१५/७५ आर १५ मापाचा. कागदावर त्याचा व्यास ७०३ मिलिमीटर आणि घेर २.२१ मीटर येतो, पण वजनाखाली टायर दबतो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी भरतो. म्हणून नेहमी जमिनीवरच मोजावं. एका किलोमीटरला चाकाचे फेरे झाले ४६५.

आता मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर. सपाट जागा बघितली, पुढच्या दोन्ही आणि मागच्या एका चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावले. मागचं दुसरं चाक जॅकने उचलून खाली घोडी ठेवली. गिअर न्यूट्रल केला, आणि चाक फिरायला हवं म्हणून हँडब्रेक सोडला. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. एकदाही नाही.) चाक २० वेळा फिरवलं, चुलतभावाने शाफ्टवरची खूण मोजली. ४३ फेरे. म्हणजे गुणोत्तर दोनच्या थोडं वर.

या आकड्याने केबलचे फेरे किलोमीटरला जेमतेम पाचशे येत होते. तसं असतं तर मीटरने निम्मंच अंतर दाखवलं असतं. रात्री बारापर्यंत वहीत खाडाखोड चालली होती. काकू म्हणाल्या, "झोप आता, परीक्षा हाय का उद्या?"

परीक्षाच होती, आणि मी ऑप्शनला टाकलेल्या प्रश्नाची! एक चाक जमिनीवर स्थिर, दुसरं फिरतंय. डिफ्रन्शियलचा पिंजरा दोन चाकांच्या सरासरीने फिरतो. एक चाक २० फेरे, दुसरं शून्य, म्हणजे पिंजरा १० फेरे. ४३ भागिले १०, बरोबर ४.३! जे वाक्य मी तीनदा पाठ करून तीनदा विसरलो होतो ते त्या रात्री अंगणात कळलं, आता मेलो तरी विसरणार नाही.

मग पुढचं सोपं होतं. ४६५ गुणिले ४.३ म्हणजे शाफ्टचे साधारण २००० फेरे. गिअरबॉक्समधल्या मीटर गिअरला ८ दाते. पिनियनला १६ दाते असतील तर केबलचे फेरे निम्मे, म्हणजे १०००. डायलवर छापलेला आकडा हाच! टूल बॉक्समधून जुना झिजलेला पिनियन शोधून दात्यांची बुडं मोजली. १६. नव्याचा बाहेरून दिसणारा भाग सारखाच होता. तो काढून दाते मोजले. १५.

एका दात्याचा फरक. पण १६ भागिले १५ म्हणजे मीटर दर किलोमीटरला जवळजवळ सात टक्के जास्त दाखवणार.

रस्त्यावरचा पुरावा

गणित बरोबर असलं तरी रस्त्याने होकार द्यायला हवा. तोच पिनियन परत लावून राज्यमार्गावर गेलो. हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड तुम्ही पाहिलेच असतील. एखादा दगड थोडा इकडेतिकडे असू शकतो, म्हणून एकावर विसंबायचं नाही, दहा मोजायचे. दहा दगडांना मीटर १०.७ सरकलं.

मग काट्याची परीक्षा. काकांनी काटा ४८ वर धरला, मी दोन दगडांमधला वेळ घेतला. ८० सेकंद. सूत्र सोपं आहे: ३६०० ला सेकंदांनी भागायचं की ताशी किलोमीटर मिळतात. ३६०० भागिले ८० म्हणजे ४५. काटा ४८, खरा वेग ४५. पुन्हा तेच १६ ला १५. मोबाईलच्या जीपीएसनेही पंचेचाळीसच दाखवले.

इथे एक गोष्ट समजून घ्या. काटा आणि आकडे दोन्ही एकाच प्रमाणात चुकत होते. म्हणजे मीटर निर्दोष. चूक त्याच्या आधीच्या सामाईक वाटेवर, पिनियन किंवा टायरमध्ये. फक्त काटा चुकला असता तर दोष स्प्रिंगचा किंवा चुंबकाचा असता.

तुम्ही म्हणाल, काटा थोडा जास्त दाखवला तर काय बिघडतं? वेगाच्या बाबतीत फारसं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ३९ प्रमाणेही काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतो. कमी दाखवणारा काटा घातक, कारण चालवणाऱ्याला वाटतं आपण हळूच चाललोय. पण आकड्यांवर पैसे मिळत असतील तर गोष्ट वेगळी होते.

अंगणातली चर्चा

रात्री मी काकांना सगळं सांगितलं. काका बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "बाळा, मीटर जास्त दाखवतंय, कमी तर न्हाई ना? ऱ्हाऊ दे की. तीन महिनं फुकाट डिझेल जाळलंय, त्याचं कुणी दिलं का?"

खरं सांगू? माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. रोजचे तीन किलोमीटर म्हणजे महिन्याचे नव्वद. माझ्या मेसच्या बिलाला तेवढाच हातभार. आणि त्यांचं नुकसान खोटं नव्हतंच. गॅरेजचा मिस्त्री तर आदल्या दिवशी सहज म्हणाला होता, "मीटर पाहिजे तेवढं मागं घेऊन देतो, पुढं पाहिजे तर पुढं."

मी विषय बदलला. "काका, इंजिन ऑइल कधी बदललं होतं?"

काकांनी वही काढली. ६६९०० ला. गाडीच्या पुस्तकात दर पाच हजारांनी बदला असं लिहिलंय. काकांनी मीटरकडे बघत बोटं मोजली. ६८४१२ वजा ६६९००, पंधराशेच झाले. "अजून लई टाइम हाय."

मग मीच वही घेतली. जूनमध्ये मीटर बंद पडल्यापासून मोरी खचेपर्यंत ५० दिवस, ३८ किलोमीटरने १९००. त्यानंतर ७० दिवस, खऱ्या अंतराने ४५.६ धरून ३१९२. म्हणजे साधारण ५१०० किलोमीटर मीटरने मोजलेच नव्हते. आधीचे पंधराशे मिळवले तर ६६०० झाले. ऑइल बदलायची वेळ सोळाशे किलोमीटरपूर्वी टळून गेली होती. काकांनी डिपस्टिक काढून बोटांत ऑइल चोळलं. काळं, पातळ, खरखरीत. ते काही बोलले नाहीत.

थांबलेलं मीटर नुसतं गप्प बसत नाही मित्रांनो, ते "अजून वेळ आहे" असं खोटं सांगत राहतं.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "म्हंजी चुकीचं मीटर आधी आपल्यालाच फशिवतंय."

"हो काका. आणि उद्या सुपरवायझर साहेबांनी स्वतः दगड मोजले तर आपलं खरं असलेलं अंतरही कुणी मानणार नाही."

दुसऱ्या दिवशी ऑइल बदललं. मी तालुक्याला जाऊन दुकानदारासमोर दाते मोजून १६ दात्यांचा पिनियन आणला. दहा दगडांना मीटर १०.० आलं. वळशाची फेरी ४५.६. म्हणजे जादा अंतर ७.६. काकांचा 'आठ' चा अंदाज केवढा जवळ होता बघा!

काका वही आणि दगडांचा तक्ता घेऊन केंद्रावर गेले. सुपरवायझर साहेब गाडीत बसून एक फेरी आले, त्यांनीही दगड मोजले आणि त्या महिन्यापासून ७.६ किलोमीटर मंजूर केले. मागच्या महिन्यांचं मात्र काही मिळालं नाही. "तेव्हाचं रीडिंग कुठंय?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मीटर वेळेवर दुरुस्त न केल्याची तेवढी किंमत पडली.

मीटरचे आकडे पुढे सरकवले नाहीत. दाराच्या आत कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं: 'मीटर जून ते दिवाळी बंद. अंदाजे ५१०० किमी नोंद नाही. ९९९९९ ची दोन वेळा पलटी झालेली आहे.' उद्या कुणी गाडी विकत घेतली तर त्याला खरं कळेल.

मीटर बिघडलं तर: लक्षणं आणि कारणं

कात्रण काढून ठेवायचं तर हे ठेवा.

१. काटा आणि आकडे दोन्ही बंद: मीटरकडून केबल काढून गाडी हळू चालवा. टोक फिरत नसेल तर केबल किंवा पिनियन. फिरत असेल तर चौकोनी टोक मीटरमध्ये नीट बसत नाही किंवा भोक झिजलंय.

२. काटा चालू, आकडे बंद: मीटरमधल्या छोट्या गिअरचे दाते गेलेत किंवा तो दांड्यावर सैल झालाय.

३. आकडे चालू, काटा बंद: वाटी अडकली किंवा काटा दांड्यावर सैल.

४. काटा नाचतो, कुईकुई आवाज: कोरडी किंवा मुरडलेली केबल, नाहीतर जड झालेला मीटरचा बुश. तार आधी पिळली जाते, मग एकदम सुटते, म्हणून काटा उड्या मारतो. हा इशारा समजा, थांबू नका.

५. काटा एकदम टोकाला जाऊन बसतो: मीटरमध्ये तेल किंवा ग्रीस शिरलंय, नाहीतर स्प्रिंग तुटली. केबलवरून गिअर ऑइल वर चढत असेल तर पिनियनचं सील बदला.

६. दोन्ही चालू, पण एकाच प्रमाणात चूक: टायरचं माप बदललंय किंवा पिनियनचे दाते वेगळे आहेत. टायर मोठा टाकला तर मीटर कमी दाखवतं, लहान टाकला तर जास्त.

७. गाडी थांबल्यावरही काटा शून्यावर येत नाही: स्प्रिंग थकली किंवा दांड्यात कचरा.

आणि कुठलाही तुटलेला भाग बदलण्यापूर्वी त्याच्या पुढचा आणि मागचा भाग हाताने फिरवून बघा. हे माझे अडीचशे रुपये देऊन शिकलेलं वाक्य आहे.

नव्या गाड्यांत केबल नसते. गिअरबॉक्सवर किंवा चाकाशी सेन्सर असतो, तो पल्स पाठवतो आणि मीटर ते मोजतं. पण विचार करायची रीत तीच: सामाईक वाट कोणती, आणि बिघाड तिच्या अलीकडे की पलीकडे. सेन्सर, वायर, जोडणी, मीटर, अशा क्रमाने जायचं.

शिवाय कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११७ व्या नियमाप्रमाणे गाडीला वेग दाखवणारं मीटर लागतं. पासिंगच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा काटा नाचायला लागला तेव्हाच बघितलेलं बरं.

असो. सुट्टी संपवून होस्टेलवर आलो, केटीचा पेपर दिला. ओरलला सरांनी विचारलं, "एक चाक स्थिर धरून दुसरं फिरवलं तर प्रोपेलर शाफ्टचे फेरे किती?" मी म्हटलं, "सर, काकांच्या पिकअपचं सांगू?" सर हसले. मी पूर्ण सांगितलं, ऑइलसकट.

परवा काकांचा फोन आला होता. आधी मीटरचं रीडिंग सांगितलं, मग माझी चौकशी केली.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी